गुरुवारची थरथर

केंद्रात पहिल्यांदा येणारा माणूस हटकून फसायचा. काचेच्या दारामागे एक उंच, ताठ गृहस्थ उभे दिसायचे. केस कलपाने काळेभोर, भुवया कोरलेल्या, गालांवर पावडरचा हलका हात, आणि चेहऱ्यावर असा भाव की मागचं सगळं राज्य आपलंच आहे. पाहुणा हातातली बर्फाची पेटी खाली ठेवायचा, कपाळापर्यंत हात जोडायचा आणि म्हणायचा, "आचान, आम्ही सुरिनहून आलोय. दहाची वेळ दिलीय आम्हाला."

ते गृहस्थ डोळे अर्धे मिटून, प्रजेचं गाऱ्हाणं ऐकावं तसं ऐकून घ्यायचे.

"आचान आत आहेत," ते म्हणायचे. "प्राध्यापक त्या. मी नुसता दाराशी असतो. पण नमस्कार झकास होता तुमचा, तो काही मी परत देणार नाही."

हे लुंग सामरुआय. लुंग म्हणजे काका. थायलंडमधल्या कोराटच्या त्या विद्यापीठात लहानथोर सगळे त्यांना लुंगच म्हणत, आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले माळीबुवाही म्हणत, कारण ती ऐटच तशी होती.

ही ऐट लिकेच्या, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याच्या, फडातून आली होती. उमेदीची सगळी वर्षं लुंगनी गावोगावच्या जत्रांत, टिकल्यांनी लखलखणारा अंगरखा घालून राजाचं काम केलं होतं. राजा म्हणजे पहिल्या अंकात सिंहासनावर बसणारा आणि दुसरा अंक उघडताच प्रधानाच्या हातून विष पिणारा. "मेलं की पडद्यामागे आधी जेवायला मिळायचं," ते सांगत. "म्हणून मी राजपुत्राचं काम कधी मागितलं नाही. कलेसाठी उपाशी राहणारे दुसरे." खरी गोष्ट अशी की राजपुत्राला गावं लागतं, आणि लुंगचा आवाज म्हणजे फुटक्या घागरीत दगड. त्यांच्याकडे होता तो एक प्रवेश. ढोल घुमायचा, पडदा सरकायचा आणि राजा तीन पावलं आपटत यायचा, क्षणभर थांबायचा, मग आणखी दोन. फळ्यांच्या मंचावरची धूळ पहिल्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत जायची. त्या डोळे पुसायच्या, आणि लुंगना वाटायचं, रडतायत.

पुढे जत्रा आटल्या, लोक हातातल्या फोनवर नाटकं बघू लागले, फड मोडला. विद्यापीठाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याची आई कधीकाळी लुंगच्या गळ्यात नोटांच्या माळा घालत असे. तिच्या शब्दावर मुलाने लुंगना चिकटवून घेतलं. "कलेची कदर म्हणतात ती हीच," लुंग म्हणत. "फक्त ती निम्म्या पगारात करतात."

ज्या केंद्राच्या दाराशी त्यांना उभं केलं, तिथे एक मोठा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. दीड पुरुष उंच, पांढराशुभ्र, बंद खोलीत थंड हवा खात बसलेला. डोळ्याला तर सोडाच, साध्या भिंगालाही न दिसणारं तो दाखवायचा. लुंगना त्यातलं काही कळत नसे, पण स्वभाव मात्र पहिल्याच दिवशी कळला. "ही नायिका आहे," त्यांनी बायकोला सांगितलं. "खोली वेगळी, हवा वेगळी, कुणी दार आपटलं की बिघडली. आणि सगळ्यांचं पोट तिच्यावर."

पडद्यावर पहिल्यांदा मुंगीचं तोंड बघितलं तेव्हा लुंगचे हात आपसूक जोडले गेले. तो चेहरा हुबेहूब फडाच्या मालकाचा होता.

कामात त्यांना सगळ्यात प्रिय होतं ते द्रव नायट्रोजन आणणं. टाकीतून यंत्राच्या तोंडी ओतताना पांढरा धूर जमिनीवरून वाहू लागायचा. फडात एवढ्या धुरासाठी नारळाच्या शेंड्या जाळून सगळ्यांना खोकला यायचा. इथे थंडगार, स्वच्छ धूर. त्या धुरातून दोन पावलं उगाच मागे जाऊन पुन्हा पुढे आल्याशिवाय लुंगचं ओतणं पुरं होत नसे. आचान वाराफोन, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, काचेतून बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत.

यंत्र एक आणि त्यावर हक्क सांगणारे सात. रेशीम केंद्राचे, भात संशोधनवाले, इस्पितळाचे, चिनी मातीच्या कारखान्याचे, उसाच्या रोगांवर काम करणारे, शिवाय दोन शेजारची कॉलेजं. एक नवरी आणि सात वऱ्हाडं. कुणाची वेळ दहा मिनिटं लांबली की पुढचा दारात येऊन घड्याळाकडे बघायचा, भांडायचा मात्र नाही. त्या मुलखात भांडत नाहीत. हसतात, आणि ते हसणं भांडणाहून वाईट असतं. असल्या हसण्यात लुंग मध्ये पडायचे. "डॉक्टरसाहेब, तुमचा रुग्ण कापून ठेवलाय ना, तो काही उठून जात नाही. या मुलाचा भात मात्र सुकतोय." सगळे खरोखरचे हसायचे आणि रांग पुढे सरकायची.

नवसाची सुरुवात मोनमुळे झाली.

मोन ही रेशीम केंद्राची पोर, डॉक्टरेट करत होती. मोन म्हणजे तुती. तिच्या आईच्या गावात घरोघर तुती आणि रेशमाचे किडे, म्हणून नावही तेच पडलं. त्या गावातले किडे मिरपुडीसारखे काळे ठिपके पडून मरू लागले होते. रोगाचा जंतू कसा दिसतो, किड्याच्या आतड्यात कुठून शिरतो, ते तिला या यंत्रावर बघायचं होतं. चित्र काही केल्या नीट येईना. एक दिवस ती मागच्या अंगणात बसून रडत होती.

"रडून चित्र येत असतं तर आमच्या फडातली नायिका शास्त्रज्ञ झाली असती," लुंग म्हणाले. "जागेच्या धन्याला सांगितलंस का?"

अंगणात एका खांबावर जागेच्या धन्याचं, म्हणजे त्या भूमीच्या रक्षकाचं, छोटंसं लाकडी देऊळ होतं. इमारतीची सावली देवळावर पडता कामा नये, असा नियम. इमारत अशी बेढब की सावलीबाहेरचा कोपरा एकच निघाला: मायक्रोस्कोपच्या खोलीच्या भिंतीला लागून. पुरोहिताने देऊळ तिथेच बसवलं होतं.

मोनने नवस बोलला. चित्र आलं तर नाच घालीन. दोन दिवसांनी चित्र आलं. आचान वाराफोननी तिला किड्याच्या आतड्याचा काप अधिक पातळ करून दिला होता हे खरं, पण आचानना ती बुद्धी कुणी दिली? पोरीला नाचता येत नव्हतं. लुंगना कुणी विचारण्याची वाट बघावी लागली नाही. ट्रंकेतला अंगरखा निघाला, मोबाइलला कर्णा जोडून ढोल वाजला, आणि गुरुवारी सकाळी, नवस फेडायला वार चांगला म्हणून, राजाने देवळापुढच्या फरशीवर तीन पावलं आपटली.

बातमी सातही वऱ्हाडांत पसरली. नवस बोलायचा जागेच्या धन्यापुढे, फेडायचा लुंगच्या पायांनी, आणि लाल सरबताच्या बाटल्या, उकडलेली अंडी, झेंडूच्या माळा घ्यायच्या त्या फाटकाशी बसणाऱ्या पा लामायकडून. पा म्हणजे मावशी. लामाय लुंगची बायको आणि फडातली एके काळची राणी. ती नवऱ्याला अजून महाराज म्हणायची, पण ज्या सुरात म्हणायची त्या सुरात राजेलोकांची गादी जाते.

"महाराज, उद्या इस्पितळाचा नवस आहे. गुडघ्याला तेल लावा."

"राजाला गुडघे नसतात, लामाय. सिंहासन असतं."

"मग सिंहासनाला लावा."

अशी वर्षभर मौज चालली. आणि मग यंत्राला थरथर लागली.

चित्र पडद्यावर स्थिर राहीना. पाण्यात पडलेल्या चंद्रासारखं हलायचं, कडा फाटायच्या. आधी कधीतरी, मग वरचेवर, आणि पावसाळा उलटल्यावर दर गुरुवारी सकाळी. दुपार झाली की थांबायचं. कुणी म्हणालं उसाचे ट्रक, कुणी म्हणालं वातानुकूलन, कुणी म्हणालं रेल्वे. ज्याचं चित्र हललं तो बिचारा बाहेर येऊन नवस बोलायचा: थरथर थांबू दे, नाच घालीन. दुपारी थरथर थांबायची. मग पुढच्या गुरुवारी त्याचा नवस फेडायला लुंग अंगरखा घालायचे. एकेका गुरुवारी तीन तीन नाच होऊ लागले. "एवढा धंदा आमच्या फडाला असता तर मी दुसऱ्या अंकानंतरही जिवंत राहिलो असतो," लुंग म्हणाले.

पुढे गुरुवारी कुणी वेळ मागेनासं झालं. डॉक्टरांना गुरुवारीच नेमकी बैठक असायची. भातवाल्याच्या आजीचं दर गुरुवारी काहीतरी असायचं. मोनही म्हणायची, "लुंग, गुरुवार तेवढा नको मला." लुंगना वाटलं, सगळे देवभोळे झाले.

तेव्हा बँकॉकहून निरोप आला. यंत्राचा खर्च चालवणाऱ्या समितीने विचारलं होतं की आठवड्यातला एक दिवस यंत्र रिकामं का, आणि बाकीच्या दिवसांचीही खात्री का नाही. थरथरीचं कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर जागाच वाईट असं समजून यंत्र बँकॉकला हलवायचं. मोजमाप करायला एक अभियंता येणार होता.

आचान वाराफोननी सगळ्यांना बोलावून हे सांगितलं. सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं, आणि एकदोघांनी लुंगच्या चपलांकडे.

त्या दुपारी लुंग फाटकाशी लामायच्या छत्रीखाली बसले. तिने पुढे चिकट भात आणि भाजलेली कोंबडी ठेवली. त्यांनी भाताची गोळी वळली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"यंत्र गेलं की केंद्र गेलं," ते म्हणाले. "केंद्र गेलं की दार गेलं. आणि दार गेल्यावर दाराशी उभा राहणारा माणूस म्हणजे नुसता उन्हात उभा असलेला माणूस."

"घरी या. माळा ओवायला माणूस हवाच आहे."

"मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"मग विष प्या दुसऱ्या अंकात, सवय आहे."

ते हसले, पण गोळी तोंडात गेली नाही. लामायने ते बघितलं. हातातली माळ तिने खाली ठेवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा माळ उचलली.

लुंगना त्या पोरांची चिंता होती हे खोटं नाही. मोनला किड्यांचे काप बर्फात घालून बसने बँकॉकला न्यावे लागले असते, आणि तिथल्या रांगेत तिचा नंबर लागेपर्यंत गावातली तुती पाखरांनी खाल्ली असती. पण लुंग स्वतःशी खोटं बोलत नसत, ते काम मंचावर पुरेसं झालं होतं. पोरांच्या चिंतेखाली त्यांची स्वतःची चिंता बसली होती. या इमारतीने त्यांना पुन्हा एकदा प्रेक्षक दिले होते. फड दोनदा मोडलेला बघायचं वय आता उरलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी जागेच्या धन्यापुढे गुडघे टेकले आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा नवस बोलला. यंत्र कोराटमध्येच राहिलं तर राजाचा पुरा प्रवेश, मुकुटासकट, खऱ्या ढोलकऱ्यांसकट. नवस आधी फेडत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण सुपारी घेणाऱ्या फडाला आगाऊ रक्कम दिली की तो जास्त मनापासून नाचतो, हेही ठाऊक होतं. मग देवाला का नाही? थोडं आगाऊ देऊन ठेवावं, असं त्यांनी ठरवलं. वार अर्थात गुरुवार.

अभियंता आला तो मंगळवारी. खुन तेरावुत नाव (खुन म्हणजे श्रीयुत), हडकुळा, मितभाषी, इस्त्रीचा सदरा. त्याने यंत्राच्या पायाशी डबीएवढं उपकरण ठेवलं, त्याची तार संगणकाला जोडली, आणि पडद्यावर एक रेघ सरकू लागली. ट्रक गेले, रेघेला किंचित सुरकुती पडली. वातानुकूलन बंद केलं, सुरू केलं. गाडी गेली. मंगळवार गेला, बुधवार गेला, रेघ झोपलेल्या म्हाताऱ्याच्या पोटासारखी हळूहळू वर खाली.

"ही जागा उत्तम आहे," खुन तेरावुत म्हणाला. "मला कारण दिसत नाही. कारण दिसलं नाही असंच लिहावं लागेल."

"उद्या गुरुवार आहे," आचान वाराफोन हळूच म्हणाल्या. "उद्याचा दिवस बघा." आणि लगेच फाइल चाळू लागल्या.

गुरुवारी सकाळी लुंगनी दुपटीने पावडर लावली, मुकुट चढवला आणि मागच्या अंगणात जाऊन उदबत्त्या पेटवल्या. आज जीव ओतायचा होता. ढोल सुरू झाला. राजा आला: तीन पावलं, थांबला, दोन पावलं. फरशीखालची जमीन पोकळ होती की काय, आवाज छातीत घुमत होता. बऱ्याच वर्षांत इतका रंगलेला प्रवेश झाला नव्हता. दुसऱ्यांदा फेरा घेताना त्यांना मागच्या दारात अभियंता उभा दिसला. त्याच्या मागे आचान वाराफोन, मोन, आणि बैठकीला गेलेले डॉक्टरही.

ढोल थांबला.

"लुंग," खुन तेरावुत अतिशय नम्रपणे म्हणाला, "तुम्हाला त्रास नसेल तर पुन्हा एकदा कराल?"

लुंगच्या अंगावर काटा आला. पुन्हा करा, असं शेवटचं कुणी म्हटलं होतं ते त्यांना आठवेना.

"सगळं करू की नुसता प्रवेश?"

"नुसता प्रवेश. आणि जमलं तर जरा डावीकडे सरकून."

"बघा, जाणकार," लुंग मोनला म्हणाले. "डावीकडून उजेड चांगला येतो."

मोनने ओठ चावून मान हलवली. लुंगनी प्रवेश केला. मग उजवीकडून केला. मग भिंतीजवळून. प्रत्येक वेळी अभियंता आत जायचा आणि बाहेर यायचा, आणि दरवेळी त्याचा चेहरा खुलत जायचा. असा रसिक बँकॉकमध्ये असेल असं लुंगना वाटलं नव्हतं. शेवटी ते घाम पुसत, मुकुट काखेत मारून, स्वतःच आत गेले. आपलं काय काय टिपून घेतलंय ते बघायला.

पडद्यावर रेघ होती. सपाट सपाट जात होती आणि मध्येच तीन उंच सुळके. मग थोडी सपाट जागा. मग दोन सुळके.

"अरे," लुंग आनंदाने म्हणाले, "हा तर माझा प्रवेश."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"बघा ना. हे तीन, हा थांबा, हे दोन. इथे तिसरं पाऊल जरा कमी पडलंय, गुडघा. वा. कुठल्या पेटीत हे..." आणि त्यांचं बोट पडद्यावर होतं तिथेच राहिलं. बाजूच्या पडद्यावर मोनच्या किड्याचं चित्र होतं, आणि त्याच्या कडा फाटलेल्या होत्या.

लुंगनी बोट खाली घेतलं. खुर्ची ओढली आणि बसले.

"म्हणजे उसाचे ट्रक नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत," अभियंता म्हणाला.

"रेल्वे नाही."

"नाही, लुंग."

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे बघत होते. भातवाला खिडकीकडे. चाळीस-एक वर्षं लोकांचे चेहरे वाचून पोट भरलेल्या माणसाला एवढं वाचायला वेळ लागत नाही.

"आचान, तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक असं नाही," आचान वाराफोन म्हणाल्या. "वाटत होतं."

"कधीपासून?"

"पावसाळ्यात. पण तुम्ही इतकं मनापासून... आणि धन्याचा मान. कसं सांगायचं?"

"मोन?"

"मी गुरुवार सोडून दिला होता ना, लुंग," मोन पुटपुटली. "माझं काही अडत नव्हतं."

"तुझे किडे मरतायत आणि तुझं अडत नव्हतं?"

तिने मान खाली घातली. मोठ्या माणसाचं मन दुखवण्यापेक्षा तिने दर आठवड्याचा एक दिवस सोडून दिला होता. सातही वऱ्हाडांनी तेच केलं होतं. यंत्र बँकॉकला जायची वेळ आली तरी एकानेही तोंड उघडलं नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक, नवरदेवाला सोडून.

लुंग उठून फाटकापर्यंत गेले. मुकुट अजून काखेतच होता.

"लामाय, तुलाही?"

"महाराज," ती म्हणाली, "तुम्ही घरात नाचायला लागलात की शेजारणीच्या फळीवरची भांडी पडतात. तिथे तर ते यंत्र भिंतीपलीकडे."

"मग बोलली का नाहीस?"

लामायने सरबताची एक बाटली फोडून त्यांच्या हातात दिली. "फड मोडला तेव्हा तुम्ही दोन वर्षं खाटेवरून उठला नव्हता. मी बघितलंय ते. यंत्र गेलं असतं तर मी आणखी माळा ओवल्या असत्या."

लुंगनी बाटली तोंडाला लावली. पिता पिता त्यांना हसू फुटलं, आणि लाल सरबत राजाच्या अंगरख्यावर सांडलं. ते हसू काही थांबेना. जे दुखणं घालवायला आपण नाचत होतो ते दुखणं आपणच होतो. आणि त्याची दक्षिणाही घेत होतो. एवढा मोठा विनोद फडातल्या विदूषकाला जन्मात सुचला नव्हता.

ते परत आत गेले तेव्हा पेच वेगळाच पडला होता. अभियंत्याला कारण लिहायचं होतं, आणि कुणी ते लिहू देत नव्हतं. "जवळपासचे कंपन" असं मोघम लिहा, आचान म्हणत होत्या. मोघम लिहिलं तर समिती यंत्र हलवेल, अभियंता म्हणत होता.

"देऊळ हलवा," तो म्हणाला.

सगळ्यांनी चपापून बाहेर पाहिलं. धनी तिथे इमारतीच्या आधीपासूनचा. भाडेकरूने घरमालकाला जागा बदला म्हणायचं?

"माझं नाव लिहा," लुंग म्हणाले. "नीट लिहा. सामरुआय, वय झालेला राजा, याच्या पायांमुळे. आणि आचान, मला काढायचं असेल तर काढा. फक्त दुसऱ्या अंकाच्या आधी सांगा, जेवून जाईन."

"तुम्हाला कोण काढतंय?" आचान वाराफोन म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "नायट्रोजन काय मी ओतू?"

कारण लिहिलं गेलं. महिन्याभरात बँकॉकचं उत्तर आलं: कारण सापडलं, यंत्र कोराटमध्येच राहील, अंगणात यापुढे ढोल आणि पावलं आपटणं नको.

यंत्र राहिलं, म्हणजे धन्याने नवस ऐकला. म्हणजे आता तो फेडायला हवा. आणि फेडायचा म्हटला तर तोच प्रवेश, तेच ढोल, तीच भिंत. लुंग त्या पेचात चार दिवस दाराशी उभे राहिले. कुणाला काही म्हणाले नाहीत, पण एकदा सुरिनच्या पाहुण्याचा नमस्कार परत देऊन बसले, तेव्हा सगळ्यांना कळलं की प्रकृती बरी नाही.

इस्पितळाच्या डॉक्टरांनीच मग तोंड उघडलं. याच माणसाने एकदा सात मिनिटांसाठी ऊसवाल्याशी आठवडाभर हसणं धरलं होतं. "एक सकाळ यंत्र बंद ठेवा," ते म्हणाले. "माझी वेळ मी सोडतो. बंद यंत्राला काय थरथरायचंय?" भातवाल्याने सोडली. ऊसवाल्याने सोडली. मोनने फळ्यावर गुरुवारच्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं: नवस. समितीला आचाननी कळवलं की त्या दिवशी देखभालीसाठी यंत्र बंद आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या गुरुवारी खरे ढोलकरी आले. सातही वऱ्हाडं अंगणात चटया टाकून बसली. लुंगनी प्रवेश केला, पुरा, मुकुटासकट. आपटता येईल तेवढं आपटलं. दुसऱ्या फेऱ्यात गुडघ्याने दगा दिला आणि राजा एका पायावर भिंतीला टेकला. भातवाल्याला वाटलं, नाटकातलंच आहे, त्याने टाळ्या वाजवल्या. लामायने उठून मुकुट सावरला. "पुरे, महाराज," ती कानाशी म्हणाली, "देवालाही घरी जायचंय." उरलेला प्रवेश त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून पुरा केला.

नवस मात्र थांबले नाहीत; लोकांना चित्रं हवीच होती. तेव्हा लुंग आता देवळापुढे लाकडी चौरंगावर बसून नाचतात. ढोल नाही, पाय मांडीखाली, नाच फक्त हातांचा. बोटं मागे वळवायची, मनगट फिरवायचं, डोळ्यांनी भाव सांगायचा. राजाच्या कामात हे कधी लागलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते येत नाही. लामाय फाटकातून बघते आणि सांगते की माणूस ओला हात झटकतोय असं वाटतं.

परवाच्या गुरुवारी मातीच्या कारखान्याचा नवस होता. लुंग चौरंगावर बसून हात हलवत होते. आत मोन किड्याच्या आतड्याची शेवटची चित्रं घेत होती. खिडकीची फट उघडून तिने डोकं बाहेर काढलं.

"लुंग, चालू द्या. काही म्हणजे काही हलत नाहीये."

लुंगचे हात हवेत थांबले. जन्मभर थिएटर हलावं म्हणून ज्याने पाय आपटले, त्याला मिळालेली ही दाद. त्यांनी कारखान्याच्या माणसाकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता, बहुधा झोपला होता.

"ऐकलंत?" लुंग धन्याच्या देवळाला म्हणाले. "तुमच्यावर तरी काही परिणाम झाला का?" आणि उजवं मनगट चुकलं होतं म्हणून त्यांनी तो फेरा पुन्हा पहिल्यापासून धरला.